सेरुलोप्लाझ्मिनची रक्ततपासणी आणि विल्सनचा आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. ही तपासणी रोजच्यातली नाही. त्यामुळे चिठ्ठीवर तिचं नाव दिसलं की घरचे गोंधळतात, आणि रिपोर्ट हातात पडला की आणखी गोंधळतात. लॅबच्या खिडकीशी आणि फोनवर लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. हे वाचून घरी निदान करायचं नाही, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते नक्की कळेल.

डॉक्टरांनी ‘सीरम सेरुलोप्लाझ्मिन’ लिहून दिलंय. ही कसली तपासणी?

सेरुलोप्लाझ्मिन हे यकृतात तयार होणारं प्रथिन. त्याच्या एका रेणूत तांब्याचे सहा अणू बसतात, आणि रक्तातलं बहुतेक सगळं तांबं याच प्रथिनात असतं. स्वीडनच्या होल्मबर्ग आणि लॉरेल या शास्त्रज्ञांनी १९४८ साली त्याचं वर्णन केलं.

आपण रोज जेवणातून एक-दोन मिलिग्रॅम तांबं घेतो. शरीराला ते लागतंच. गरजेपुरतं वापरून झालं की उरलेलं यकृत पित्तावाटे बाहेर काढतं. यकृताच्या पेशीतलं एटीपी७बी नावाचं प्रथिन इथे दोन कामं करतं: सेरुलोप्लाझ्मिनमध्ये तांबं भरतं आणि जास्तीचं तांबं पित्तात ढकलतं. त्याच्या जनुकात दोष असला की दोन्ही कामं अडतात. तांबं आधी यकृतात साचतं, मग रक्तात उतरून मेंदू, डोळे, मूत्रपिंडं इथे जाऊन बसतं. इकडे तांबं न भरलेलं सेरुलोप्लाझ्मिन रक्तात टिकत नाही, लवकर मोडतं, म्हणून त्याची पातळी खाली येते. हाच विल्सनचा आजार. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युअल किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, आणि दोष असलेलं जनुक १९९३ मध्ये सापडलं.

माझ्या मुलाला फक्त कावीळ झाली होती. मग ही तपासणी कशाला?

कावीळ एकदा येऊन बरी झाली, आणि हिपॅटायटिस ए, बी, सी, ई यांचे रिपोर्ट निगेटिव्ह असतील, तर ‘मग झालं कशाने?’ हा प्रश्न उरतोच. लहान मुलात किंवा तरुणात त्याचं उत्तर शोधताना विल्सनचा आजार यादीत वरती असायला हवा. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) महिनोन्‌महिने वाढलेलं, सोनोग्राफीत यकृत खडबडीत किंवा प्लीहा मोठी, पोटात पाणी, असं काही असेल तरीही.

दुसरा गट मेंदूच्या लक्षणांचा, आणि मला जास्त काळजी याच गटाची वाटते, कारण इथे वर्षं वाया जातात. आठवी-नववीतलं मूल. अक्षर बिघडतं. जूनमधली वही आणि दिवाळीनंतरची वही शेजारी ठेवली तर दिसतं: आधी ओळीवर बसणारं अक्षर बारीक, थरथरीत, रेषेखाली घसरलेलं. मग बोलणं अडखळतं, तोंडातून लाळ गळते, हातातला पेला हिंदकळतो. चिडचिड वाढते, मार्क घसरतात. शाळा म्हणते लक्ष नाही, घरचे म्हणतात मोबाईलमुळे, कुणी देवऋषाकडे नेतं. या मुलांना ओरडा बसतो, कधी मारही बसतो, आणि तपासणी होते ती दोन वर्षांनी.

तिसरी गोष्ट क्वचित दिसते, पण तिला थांबायला वेळ नसतो: अचानक गडद कावीळ, सोबत हिमोग्लोबिन झपाट्याने उतरलेलं, लघवी चहासारखी काळपट, आणि मूल गुंगीत. अशा वेळी लॅबमध्ये येऊ नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. रक्त तिथे घेतील.

लक्षणं बहुतेकदा ५ ते ३५ या वयात सुरू होतात. त्याआधी किंवा नंतर होतच नाहीत असं मात्र नाही.

उपाशीपोटी यायचं का? रक्त किती घेतात?

सेरुलोप्लाझ्मिनसाठी उपाशी राहायची गरज नसते. सोबत इतर तपासण्या असतील तर लॅबला विचारून या. रक्त दोन-चार मिलिलिटर पुरतं. रक्तातलं तांबंही मोजायचं असेल तर त्यासाठी धातूचा अंश नसलेली वेगळी नळी लागते, तिचं टोपण गडद निळं असतं. साध्या नळीत घेतलेल्या रक्तावर तांबं मोजलं तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. सुई टोचण्याआधी हे विचारायला संकोचू नका.

ताप, जुलाब, न्यूमोनिया असं काही चालू असेल तर ते सांगा. गर्भनिरोधक गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर तेही सांगा. कारण पुढे येईलच.

नाशिकमध्येच होते, की मुंबईला जावं लागतं?

रक्त नाशिकमध्येच द्यायचं. बऱ्याच लॅब नमुना इथे घेतात आणि मोजायला मुंबई-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. त्यात गैर काही नाही, फक्त रिपोर्टला काही दिवस लागतात. चोवीस तासांची लघवी आणि डोळ्यांची तपासणीही इथे होते. कळवण, सुरगाणा, पेठकडच्या लोकांना मी सांगते की एकाच फेरीत रक्त आणि डोळे दोन्ही उरकून घ्या. यकृतातलं तांबं मोजणं, जनुकीय चाचणी, प्रत्यारोपणाचा सल्ला यासाठी मात्र मुंबई-पुणे गाठावं लागू शकतं. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून संध्याकाळी परत येणारी कुटुंबं आम्ही पाहतो. जाताना आधीचे सगळे रिपोर्ट सोबत घ्या, म्हणजे त्याच तपासण्यांचा खर्च पुन्हा पडत नाही.

रिपोर्टवर १४ आलंय आणि खाली ‘लो’ लिहिलंय. म्हणजे आजार आहेच ना?

नाही. ‘आहेच’ असं त्या एका आकड्यावरून म्हणता येत नाही.

आधी एकक बघा. मोठ्या माणसात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही पातळी ठीक समजतात. काही लॅब ग्रॅम प्रति लिटरमध्ये लिहितात, तिथे १४ चं ०.१४ होतं. आकडा एकच आहे, घाबरू नका.

१० पेक्षा कमी आकडा आला तर विल्सनच्या आजाराचा संशय बळावतो. १० ते २० च्या मधला पट्टा खरा अवघड. त्यात आजारी माणसंही असतात आणि पूर्ण धडधाकटही. ज्यांच्यात सदोष जनुकाची एकच प्रत आहे अशा वाहकांपैकी काहींचं सेरुलोप्लाझ्मिन थोडं कमीच असतं. त्यांना आजार नसतो आणि कधी होणारही नसतो. मूत्रपिंडातून किंवा आतड्यातून प्रथिनं वाहून जात असतील, मूल कुपोषित असेल, दुसऱ्या कुठल्या कारणाने यकृत पार थकलेलं असेल, तरी पातळी उतरते. महिनोन्‌महिने झिंकच्या गोळ्या जास्त खाल्ल्या तर शरीरातलं तांबंच कमी होतं आणि त्याबरोबर हेही. मेन्केस नावाच्या एका दुर्मीळ आजारातही ते कमी असतं. तो मुख्यतः तान्ह्या मुलग्यांत दिसतो, केस विरळ आणि पिळलेले असतात.

तान्ह्या बाळांचं तर सगळ्यांचंच कमी असतं, कारण यकृत अजून तयारीत असतं. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळात या तपासणीवरून निष्कर्ष काढत नाहीत.

आमचं २४ आलं. नॉर्मल. आता विषय संपला?

लक्षणं नसती तर मीही हो म्हटलं असतं. पण लक्षणं असताना नॉर्मल आलेला आकडा पाहून फाईल बंद करणं, ही या आजारातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

अंगात सूज किंवा संसर्ग असला की यकृत सेरुलोप्लाझ्मिन जास्त बनवतं. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनीही ते वाढतं. म्हणजे एरवी १६ असणारं तापात २४ दिसू शकतं. यकृताला तीव्र सूज असलेल्या रुग्णात हमखास असा चकवा बसतो. आणखी एक तांत्रिक बाब आहे. बहुतेक लॅब हे प्रथिन अँटिबॉडी वापरून मोजतात. त्या पद्धतीत तांबं भरलेलं आणि न भरलेलं दोन्ही मोजलं जातं, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चढा येऊ शकतो. एन्झाइमच्या क्रियेवरून मोजण्याची पद्धत या बाबतीत जास्त बरोबर, पण ती सगळीकडे मिळत नाही.

संशय असेल तर ताप उतरल्यावर पुन्हा करा, आणि पुढच्या तपासण्या थांबवू नका.

रक्तातलं तांबं कमी आलंय. तांबं साठण्याचा आजार असेल तर ते जास्त यायला हवं ना?

हा प्रश्न शिकलेले लोकही विचारतात, आणि रास्त आहे. रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिनच्या आत असतं. तेच कमी झालं तर एकूण तांब्याचा आकडाही उतरतो. नुकसान करतं ते सेरुलोप्लाझ्मिनच्या बाहेरचं, मोकळं तांबं. ते हिशेबाने काढतात: एकूण तांबं मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये घ्यायचं, आणि सेरुलोप्लाझ्मिनच्या मिलिग्रॅममधल्या आकड्याला ३.१५ ने गुणून ते त्यातून वजा करायचं.

समजा एकूण तांबं ६० आलं, म्हणजे कमी. सेरुलोप्लाझ्मिन १०. दहाला ३.१५ ने गुणलं की ३१.५. साठातून ते गेलं, उरलं २८.५. निरोगी माणसात हा आकडा साधारण १५ च्या आत असतो आणि उपचार न घेतलेल्या विल्सनच्या रुग्णात बहुधा २५ च्या वर. एकूण तांबं कमी असूनही मोकळं तांबं जास्त निघालं ते असं. मात्र दोन्हीपैकी एक मोजणी जरी चुकली तरी हिशेब कोलमडतो, कधी उत्तर चक्क शून्याखाली जातं. म्हणून त्यावर एकट्यावर निदान करत नाहीत.

चोवीस तासांची लघवी कशी गोळा करायची?

नमुने सगळ्यात जास्त वाया जातात ते इथे, म्हणून सावकाश सांगते.

शाळेचा दिवस घेऊ नका, रविवार घ्या. लॅबकडून प्लॅस्टिकचा मोठा कॅन मिळेल. तो धातूचा अंश राहू नये म्हणून आम्लाने धुतलेला असतो. घरी पुन्हा विसळू नका, आणि त्याऐवजी पाण्याची जुनी बाटली चालणार नाही. रविवारी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी संडासात सोडून द्यायची आणि घड्याळात वेळ बघून कॅनवर लिहायची, समजा सात. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये: दुपारी, रात्री, झोपेतून उठून केलेली, शौचाला बसताना होणारीसुद्धा. सोमवारी सकाळी सातची पहिली लघवी कॅनमध्ये घ्यायची आणि तिथे थांबायचं. मध्ये धरायला प्लॅस्टिकचाच मग घ्या. स्टीलचा पेला नको, तांब्या-पितळेचं तर नकोच. कॅन सावलीत, गार जागी ठेवा.

एक वेळची जरी चुकली तरी ते लॅबला सांगा. लपवून दिलेल्या अर्ध्या नमुन्याचा रिपोर्ट ‘कमी’ येतो, आणि तो न केलेल्यापेक्षा वाईट.

लक्षणं असलेल्या रुग्णात दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त तांबं लघवीत आलं तर ते विल्सनच्या बाजूने जातं. मुलांत ४० च्या वर गेलं तरी डॉक्टर सावध होतात.

डोळ्यांत काय बघतात? चष्म्याचा नंबर तर नाही.

बुबुळाच्या कडेला, पारदर्शक पडद्याच्या आतल्या थरात तांबं बसून सोनेरी-तपकिरी किंवा हिरवट कडं तयार होतं. कायझर यांनी १९०२ मध्ये आणि फ्लायशर यांनी १९०३ मध्ये ते नोंदवलं, म्हणून त्याला कायझर-फ्लायशर रिंग म्हणतात. आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत ते नुसत्या नजरेला सहसा दिसत नाही, मोबाईलच्या टॉर्चनेही नाही. नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पवर बघावं लागतं. दुखत नाही, वेळही फार लागत नाही. जाताना ‘केएफ रिंगसाठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर नंबर तपासून पाठवतील.

मेंदूची लक्षणं असलेल्या जवळपास सगळ्यांत ही रिंग सापडते. फक्त यकृताचा त्रास असलेल्यांत साधारण निम्म्यांत, आणि लहान मुलांत त्याहून कमी. म्हणजे रिंग नाही म्हणून आजार नाही, असं इथेही म्हणता येत नाही.

मग नक्की ठरतं तरी कशावरून?

सगळं एकत्र मांडून. डॉक्टर सेरुलोप्लाझ्मिन, लघवीतलं तांबं, डोळे, मेंदूची लक्षणं, रक्तपेशी फुटण्याची चिन्हं, यकृताच्या तुकड्यातलं तांबं आणि जनुकीय चाचणी यांना गुण देतात. या पद्धतीला लाइपझिग स्कोअर म्हणतात. बेरीज चार किंवा जास्त झाली तर निदान पक्कं. रिंगला दोन गुण, १० च्या खालच्या सेरुलोप्लाझ्मिनला दोन, १० ते २० ला एक. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या तर त्यालाच चार. प्रत्येकाला सगळ्या तपासण्या लागत नाहीत. यकृताचा तुकडा अनेकांना टाळता येतो.

एका मुलाला निघालं. दुसऱ्याला काहीच त्रास नाही. त्याला कशाला टोचायचं?

टोचायलाच हवं, आणि या महिन्यात. या पानावरचं बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

आजार होण्यासाठी आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन सदोष प्रती लागतात. आईवडील दोघंही वाहक असतात आणि स्वतः ठणठणीत असतात. त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला त्रास नाही याचा अर्थ तांबं साचत नाही असा नाही. कदाचित अजून यकृत सहन करतंय. याच टप्प्यावर औषध सुरू झालं तर त्या मुलाला बहुधा लक्षणं दिसणारच नाहीत. शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं इतरांसारखं.

भावंडांना यकृताच्या तपासण्या, सेरुलोप्लाझ्मिन, लघवीतलं तांबं आणि डोळे एवढं करा. आजारी मुलाचा जनुकीय दोष नेमका कळला असेल तर भावंडांत तोच शोधणं सोपं जातं, आणि वाहक की रुग्ण हा घोळही मिटतो. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीला विसरू नका. ‘तिच्या सासरी कळेल’ म्हणून तपासणी टाळलेली मी पाहिली आहे, आणि त्याची किंमत तिनेच मोजली.

आम्ही मामाच्या मुलीशी लग्न केलं. त्यामुळे झालं का?

नात्यात लग्न झाल्यावर दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण नातं नसलेल्या जोडप्यांनाही विल्सनची मुलं होतात. सुनेला दोष देणं तर साफ चुकीचं: दोष दोघांकडून सारखाच येतो आणि कुणाच्या वागण्याने येत नाही.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात. त्यानेच हे झालं असेल का?

भांडी बाजारातून आणलेला हंडा नसलेलं घर जुन्या नाशकात विरळा, त्यामुळे हा प्रश्न ठरलेलाच. उत्तर: नाही. विल्सनचा आजार जनुकातून येतो, हंड्यातून नाही. निरोगी यकृत जास्तीचं तांबं बाहेर टाकतं. मात्र निदान झालेल्या माणसाने तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद करावं. त्याच्यासाठी स्टीलचा तांब्या वेगळा ठेवा.

भांड्यांमुळे होणारा एक वेगळा आजार आपल्याकडे खरोखर होता. दोन-तीन वर्षांच्या आतल्या मुलांचं यकृत घट्ट होत जायचं आणि बहुतेक मुलं दगावायची. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेल्या, साठवलेल्या दुधात तांबं उतरतं, हे पुण्यात १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून पुढे आलं. घरोघरी स्टील आलं आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. त्या मुलांत सेरुलोप्लाझ्मिन कमी नसे, नॉर्मल किंवा जास्त असे, हाही फरक. आजही तान्ह्या बाळाचं दूध तांब्या-पितळेत ठेवू नका. ताक, लिंबू सरबत, चिंचेचं सार कुणासाठीच नको. आंबटाने तांबं लगेच सुटतं.

द्राक्षबागेत बोर्डो मारतो. त्याचा संबंध आहे का?

निफाड-दिंडोरीकडून हे हमखास विचारलं जातं. बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्याचं, आणि मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच, पण फवारणीने विल्सनचा आजार होत नाही. मोरचूद पोटात गेलं तर मात्र ती विषबाधा आहे: उलट्या, पोटदुखी, रक्तपेशी फुटणं. ते वेगळं आणि तातडीचं. फवारताना मास्क आणि हातमोजे वापरा, द्रावणाचं भांडं घरात आणू नका. घरात विल्सनचा रुग्ण असेल तर त्याने हे काम दुसऱ्याला द्यावं, आणि द्राक्षं नीट धुऊन खावीत.

कावीळ उतरवून आणली, गावठी औषध दिलं. चालेल ना?

ताम्रभस्म असलेलं कुठलंही औषध विल्सनच्या रुग्णाला नको. पुडीत काय आहे हे देणारा सांगत नसेल तर ती पुडी देऊ नका. कावीळ ओसरली म्हणजे आजार गेला, असं इथे होत नाही. ‘उतरली’ म्हणून थांबलेले काही महिन्यांत पोटात पाणी घेऊन येतात.

हा बरा होतो का?

जनुकातला दोष जात नाही, पण आजार ताब्यात राहतो. आनुवंशिक आजारांत इतकी चांगली औषधं थोड्याच आजारांना आहेत. जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पेनिसिलामिन आणलं. ते तांब्याला धरून लघवीतून बाहेर काढतं. त्यासोबत बी-सहा जीवनसत्त्व देतात. पेनिसिलामिन सोसत नसेल तर ट्रायेंटिन. झिंक आतड्यातून तांबं शोषू देत नाही. पेनिसिलामिन उपाशीपोटी घ्यायचं, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. मेंदूची लक्षणं असलेल्या काही रुग्णांना सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो, म्हणून डोस हळूहळू चढवतात. असं झालं तर डॉक्टरांना फोन करा, गोळी मनाने सोडू नका. बरं वाटतंय म्हणून अचानक बंद केलेलं औषध जिवावर बेततं. महिनाभराचा साठा घरी ठेवा. यकृत निकामी झालेल्यांसाठी प्रत्यारोपण हा मार्ग आहे.

पहिलं वर्षभर कलेजी, खेकडे, तिसऱ्या, मशरूम, काजू, तीळ, चॉकलेट टाळायला सांगतात. पथ्य औषधाची जागा घेत नाही. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

औषध सुरू होऊन वर्ष झालं, सेरुलोप्लाझ्मिन अजून कमीच. औषध लागू पडत नाही का?

तो आकडा वाढावा अशी अपेक्षाच नसते. औषध कसं चाललंय ते लघवीतलं तांबं, मोकळं तांबं, यकृताच्या तपासण्या आणि मुलाची तब्येत यांवरून कळतं. पेनिसिलामिन चालू असेल तर रक्तपेशी आणि लघवीतली प्रथिनंही वेळोवेळी बघतात. सेरुलोप्लाझ्मिन दर महिन्याला करून पैसे घालवू नका.

मला विल्सन आहे, दिवस गेलेत. गोळ्या थांबवू का?

थांबवू नका. गरोदरपणात औषध सोडल्यावर यकृत बिघडण्याचा धोका मोठा असतो. डोस कमी करायचा किंवा औषध बदलायचं ते यकृततज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून ठरवतील. शक्यतो दिवस जाण्याआधीच दोघांना भेटा. या काळात सेरुलोप्लाझ्मिन आपोआप चढतं, तेव्हा तो आकडा पाहून आजार गेला असं समजू नका. बाळाच्या वडिलांची वाहक-तपासणी करून घेता येते. बाळाची तपासणी कधी करायची ते बालरोगतज्ज्ञांकडून पहिल्या लसीच्या वेळीच लिहून घ्या.